कोणत्या भाषेला कोणते काम?

वर्ध्याहून सेवाग्रामला जाणारा रस्ता जेमतेम आठ किलोमीटरचा. तेवढ्या अंतरात भाषा तीन-चारदा पालटते. बाजारपेठेतला दुकानदार घरच्यांशी मारवाडीत बोलतो, माल पाठवणाऱ्याशी फोनवर हिंदीत, आणि देवळी-सेलूकडचा शेतकरी समोर आला की त्याच्याच बोलीत त्याची विचारपूस करतो. ऑटोत ‘कुठी जाऊन राहिले?’ हा प्रश्न एकाच वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही अंगांनी कानावर येतो. कस्तुरबा रुग्णालयात तरुण डॉक्टर आपसात इंग्रजी शब्दांनी भरलेली हिंदी बोलतात आणि खाटेवरच्या म्हातारीकडे वळले की मराठीवर येतात. पलीकडे आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी, संस्कृत आणि अरबी उच्चार पाठोपाठ येतात. इथे राहणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साधारण चारांतल्या एकाला किमान दोन भाषा येतात. वर्ध्यात तर ते पावलोपावली जाणवते.

अशा माणसाचा विचार कोणत्या भाषेत चालतो, आणि भाषेबरोबर आलेली संस्कृती त्या विचाराला कसे वळण देते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. प्रत्येक भाषा म्हणजे एक स्वतंत्र जग, म्हणून दोन भाषांचा माणूस दोन जगांत राहतो, हे पहिले. विचार सगळीकडे सारखाच असतो, भाषा फक्त वरचे वेष्टन, हे दुसरे. वर्धा जिल्हा नीट पाहिला तर दोन्ही उत्तरे तोकडी पडतात. भाषा विचाराला घडवते हे खरे. पण व्याकरणाच्या साच्यातून ती जेवढी घडवते त्याहून कितीतरी जास्त घडवते ती कामांच्या वाटणीतून. कोणत्या भाषेत आपण हिशेब शिकलो, कोणत्या भाषेत रडलो, कोणत्या भाषेत कायदा, देव आणि विज्ञान आपल्यापर्यंत आले, त्यावर त्या-त्या विषयात आपले डोके कुठल्या वाटेने चालणार हे ठरते. ही वाटणी निसर्गाने केलेली नसते. ती माणसांनी केलेली असते, म्हणून माणसांना ती बदलता येते. हे बदलण्याचे या देशातले काही मोठे प्रयत्न याच जिल्ह्यात झाले.

दोन द्विभाषिक राज्यांतला जिल्हा

महाराष्ट्राच्या राजकारणात ‘द्विभाषिक’ हा शब्द १९५६ ते १९६० या काळाशी जोडला गेला आहे. वर्ध्याला मात्र त्याची ओळख त्याआधीपासून होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता, राजधानी नागपूर, आणि वर्धा त्याचा मराठी भागातला जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला, तर ते राज्य मराठी आणि गुजरातीचे. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला तेव्हा वर्ध्याच्या आधुनिक इतिहासात पहिल्यांदा सरकारची भाषा आणि बहुसंख्यांच्या घरातली भाषा एक झाली. पिढ्यानपिढ्या कचेरीतल्या बाबूला, वकिलाला, मास्तरला दोन भाषांत वावरण्याची सवय होती, ती नकाशा बदलला म्हणून मोडली नाही.

त्यात भर पडली ती स्वातंत्र्यलढ्याची. जमनालाल बजाज मूळचे राजस्थानातल्या सीकर भागातले, वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घराण्यात दत्तक आलेले. त्यांच्या आग्रहामुळे विनोबा इथे आले आणि पुढे गांधीजीही आले. १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात स्थापन झाली. १९४२ मध्ये इथेच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली, कारण नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांसह लोकांच्या तोंडची हिंदुस्तानी वाढावी हा गांधीजींचा आग्रह होता. त्या मतभेदातून १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. १९७५ मध्ये नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तिथे पुढे आलेल्या कल्पनेतून १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे राहिले. त्याच वर्ध्यात १९६९ला आणि पुन्हा २०२३ला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एका मध्यम आकाराच्या शहराच्या वाट्याला एवढा भाषाविचार आल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

याच वर्तुळातले काकासाहेब कालेलकर पाहावेत. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी. पण गुजरातीत त्यांनी असे लिहिले की गुजराती वाचकांनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना गुजराती लेखनासाठीच मिळाला. वर्ध्यात बसून ते काम करत होते हिंदीच्या प्रचाराचे. त्यांची ओळख कोणत्या एका भाषेत बसवायची? भाषा म्हणजेच अस्मिता हे समीकरण इतके सरळ असते तर असा माणूस आतून दुभंगला असता. तसे झाले नाही, कारण तिन्ही भाषांना त्यांच्या आयुष्यात स्वतःचे आणि प्रतिष्ठेचे काम होते.

सपीरचा शिष्य कोलामांच्या बोलीपाशी

भाषा आणि विचार यांची चर्चा निघाली की एडवर्ड सपीर आणि बेंजामिन व्होर्फ या दोघांची नावे येतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सपीर शिकवत असत, आणि आगविम्याच्या कंपनीत नोकरी करणारा व्होर्फ त्यांच्या वर्गाला येऊन बसे. आपल्या भाषेचे व्याकरण आपल्याला जग कसे दिसावे हे ठरवते, असा विचार व्होर्फच्या लेखनातून पुढे आला. त्याच येलमध्ये सपीर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले मरे एमेनो १९३५ ते १९३८ भारतात होते. निलगिरीच्या तोडा आणि कोटा भाषांबरोबरच त्यांनी वर्धा जिल्ह्यातली कोलामी टिपून घेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५५ मध्ये निघाले. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. चहूबाजूंनी मराठी असलेल्या मुलखात ती आपले व्याकरण सांभाळून उभी होती.

कोलामीत आणि गोंडीत क्रियापदाचे रूप ठरवताना पुरुष एका बाजूला राहतात आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू दुसऱ्या बाजूला जातात. मराठी मात्र सगळ्या जगाची तो, ती, ते अशी तीन भागांत विभागणी करते. व्होर्फचा धडा घाईने गिरवणारा माणूस इथे लगेच निष्कर्ष काढील की कोलाम आणि गोंड स्त्रीला वस्तू मानतात. हा निष्कर्ष किती पोकळ आहे हे मराठीवरूनच कळते. आपण ‘ते मूल’ म्हणतो, म्हणून कोणत्याही मराठी आईने मुलाला निर्जीव मानलेले नाही. भाषेतले लिंग वस्तूंकडे पाहण्याची नजर बदलते, असे दाखवणारा जर्मन आणि स्पॅनिश भाषकांवरचा एक प्रयोग खूप गाजला होता. किल्लीचे आणि पुलाचे वर्णन हे लोक व्याकरणातल्या लिंगाला साजेशा विशेषणांनी करतात, असे त्यात म्हटले होते. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही.

एमेनो स्वतः भारतातून वेगळाच धडा घेऊन गेले. १९५६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘भारत: एक भाषिक क्षेत्र’ या निबंधात दाखवले की वेगवेगळ्या कुळांतल्या भारतीय भाषा शेजाराने राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत, आणि हे घडवून आणणारे होते दोन भाषा बोलणारे सामान्य लोक. मराठीच्या अंगावर याच्या खुणा आहेत. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून ‘आपण’ हा भेद मराठी काटेकोरपणे पाळते. प्रमाण हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’ आहे, अनेक द्रविड भाषांत मात्र तो भेद आहे. विदर्भातली हिंदी ऐका: ‘अपन कल जाएँगे’. प्रमाण हिंदीने न दिलेली सोय इथल्या बोलणाऱ्यांनी आपली आपण करून घेतली. ‘येतो म्हणून सांगितलं’ या ढंगाचे ‘आता हूँ करके बोला’ झाले, मराठीतला ‘च’ ‘ऐसाच’मध्ये जाऊन बसला. उलट दिशेने ‘जा रहा है’चे ‘जाऊन राहिला’ झाले आणि ते आज वऱ्हाडी-नागपुरी मराठीची ओळख बनले आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांना याची पुढची पायरी दिसली. १९७१ मध्ये त्यांनी मांडले की गावातल्या मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले राखले आहेत. हा पुरावा दोन गोष्टी सांगतो. व्याकरण हा विचाराचा तुरुंग असता तर दोन भाषा बोलणाऱ्यांनी त्याच्या भिंती अशा सहज इकडच्या तिकडे केल्या नसत्या. आणि ओळख सांभाळायला अख्खी वेगळी विचारपद्धती लागत नाही. शेजाऱ्यासारखे वाक्य रचूनही माणूस घरचे शब्द जपतो आणि त्यांतून आपण कोण हे सांगत राहतो.

हिशेब, आठवण आणि दुखणे

मग भाषेचा ठसा उमटतो कुठे? हिंगणघाटच्या कापूस बाजारात तो दिसतो. तिथे गाड्या लागतात, कापसातला ओलावा पाहिला जातो, बोली होते, काटापट्टी मिळते, आणि शेवटी चुकाऱ्याचा आकडा ठरतो. बोलणे हिंदीत चालो की मराठीत, शेतकऱ्याचे ओठ आकडेमोड करताना मराठीतच हलतात, कारण पाढे मराठीत पाठ झाले. त्याचा इंग्रजी शाळेतला नातू तोच गुणाकार इंग्रजीत करतो आणि आजोबाने ‘एकोणसत्तर’ म्हटले की क्षणभर थबकतो. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना सिवकिन यांनी २००१ मध्ये रशियन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांवर केलेला अभ्यास नेमके हेच सांगतो. ज्या भाषेत नवी आकडेमोड शिकवली त्या भाषेत अचूक उत्तर लवकर आले. अंदाजे उत्तर द्यायचे असेल तेव्हा भाषेने फरक पडला नाही. म्हणजे संख्येची मूळ समज भाषेच्या अलीकडची, पण अचूक हिशेब त्या भाषेशी बांधलेला जिने तो शिकवला.

आठवणींचेही तसेच आहे. व्हायोरिका मेरियन आणि उलरिक नायसर यांनी २००० मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियन तरुणांना एकाच प्रकारचे प्रश्न दोन भाषांत विचारले. रशियनमध्ये विचारले की रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग जास्त आठवले, इंग्रजीत विचारले की इंग्रजीतले. हे वाचून सेवाग्रामचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांपुढे आणावा. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात देशाच्या अनेक भागांतून विद्यार्थी येतात. रुग्ण मात्र वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या खेड्यांतले. ‘कधीपासून त्रास आहे?’ याचे उत्तर तारखेत येत नाही. ‘पऱ्हाटी वेचाले आली तवापासून’ असे येते. दुखणे ‘ठणकते’, ‘चमकते’, ‘सलते’ किंवा ‘भणभणते’, आणि ‘जीव घाबरा होते’ या तीन शब्दांत छातीपासून काळजीपर्यंत काहीही असू शकते. रुग्णाला हिंदी येत असते, तो हिंदीत उत्तर देऊही शकतो. पण ते दुखणे मराठीत भोगलेले असते, त्याची सविस्तर आठवण मराठीच्या प्रश्नालाच धावून येते. म्हणून परगावचा शिकाऊ डॉक्टर ‘कवापासून दुखून राहिलं, माय?’ एवढे शिकतो तेव्हा तो आपुलकी दाखवतोच, शिवाय निदानासाठी जास्त माहितीही मिळवतो.

भावनेच्या आणि निर्णयाच्या बाबतीतही संशोधन याच दिशेला जाते. शिकागोच्या बोआझ कायसर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, आणि अल्बर्ट कोस्ता आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की परक्या भाषेत प्रश्न विचारला की माणसे थोडे वेगळे निर्णय घेतात. एकाला ढकलून पाच जणांचे प्राण वाचवावेत का, यासारख्या पेचात परक्या भाषेत ‘हो’ म्हणणारे वाढतात, कारण त्या भाषेत धक्का तेवढा बसत नाही. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा आढळला नाही. पण एक बाब लक्षात घ्यावी: या प्रयोगांतली ‘परकी’ भाषा बहुतेकांनी वर्गात बसून शिकलेली होती. अंगणात, भांडणात, अंगाईत आलेली दुसरी भाषा अशी थंड नसते. वर्ध्यातल्या ज्या घरांत मराठी आणि हिंदी जन्मापासून एकत्र नांदतात तिथे दोन्हींत रागावता येते आणि दोन्हींत लाड करता येतात. हा फरक त्या भाषांच्या रचनेचा नाही. आयुष्यात त्या कोणत्या दाराने आल्या याचा आहे.

आईला न कळणारी गीता

कामांची वाटणी जाणून-बुजून बदलता येते, याचा वर्ध्यातला सर्वांत मोठा दाखला विनोबांचा आहे. गागोद्यात जन्मलेले, बडोद्यात वाढलेले, गांधीजींच्या सहवासात गुजराती आणि हिंदीत रुळलेले विनोबा पुढे कितीतरी भाषा शिकले, कुराण त्यांनी अरबीतून अभ्यासले. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती आणि मिळालेले मराठी अनुवादही अवघड वाटत होते. त्या गरजेतून ‘गीताई’ आली. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात त्यांनी ती वर्ध्यात लिहिली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी अठरा अध्यायांवर मराठीत प्रवचने केली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि मग ती अनेक भारतीय भाषांत गेली.

इथे नेमके काय घडले? त्या बाईला कर्म आणि कर्तव्य यांवर विचार करता येत नव्हता असे नाही. जात्यावर, उपवासात, शेजारधर्मात ती तो रोज करत होती. पण तत्त्वचर्चेचे काम दुसऱ्या भाषेकडे सोपवलेले असल्यामुळे तिचा विचार ‘विचार’ म्हणून मोजला जात नव्हता. ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी हेच ओळखले होते. विनोबांनी ते काम विसाव्या शतकातल्या घरगुती मराठीपर्यंत आणले. गोपुरीजवळच्या गीताई मंदिरात मूर्ती नाही, छप्पर नाही. शिळांवर कोरलेले मराठी श्लोक हेच तिथले दैवत. पवनारला धाम नदीच्या काठी १९५९ मध्ये सुरू झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनी राहिल्या. मराठी ज्यांच्या घरची नाही अशांच्याही चिंतनात ही मराठी गीता आली.

दुसरा प्रयत्न शाळेचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि हाताने करायच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेला अभ्यास असे ठराव तिथे झाले. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला, सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने तो चालवून दाखवला. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला त्याच सुतातून मोजमाप, कापसाचा भूगोल आणि गिरण्यांचा इतिहास शिकवायचा, तोही घरच्या भाषेत. ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा भाषेशी असलेला संबंध फारसा बोलला जात नाही. माध्यम मातृभाषेचे ठेवून पुस्तक मात्र अनोळखी जगाचे दिले तर मूल मराठीतही घोकंपट्टीच करते. भाषा आणि हातातले काम एकत्र आले तरच त्या भाषेत विचार सुरू होतो. सेवाग्रामच्या परिसरात २००५ पासून पुन्हा चालू झालेले आनंद निकेतन विद्यालय हाच धागा पुढे नेते आहे. शेतीकाम, स्वयंपाक आणि सूतकताई हे तिथे अभ्यासाचेच विषय आहेत.

पोडावरचे मूल

तरी या थोर प्रयत्नांतही एक भाषा बाहेर राहिली. मातृभाषेचा पुरस्कार करताना मराठी मुलखातली मातृभाषा मराठीच असे गृहीत धरले गेले. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलाम ही महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, मुख्य वस्ती यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे, काही पोड वर्धा जिल्ह्यात. पोडावरचे मूल अंगणवाडीत जाते तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथली प्रत्येक सूचना दुसऱ्या भाषेत येते. गोंड समाजाचा या जिल्ह्यातला मोठा भाग तर आता घरातही मराठीच बोलतो. यावर कोणी म्हणेल, मग बिघडले काय? भाषा गेली तरी गोंड हे गोंडच राहिले, त्यांचे देव, गोत्रे, सण टिकले. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. ओळख भाषेबरोबर मरत नाही, हे कालेलकरांनी एका टोकाने आणि मराठीभाषक गोंडांनी दुसऱ्या टोकाने सिद्ध केले आहे. पण विचाराचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

त्याचे सर्वांत नेमके उत्तर ओडिशातून आले. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. एकाच जमातीच्या काही गावांत कुई ही मूळ भाषा ओडियाबरोबर टिकली होती, काही गावांत फक्त ओडिया उरली होती. संस्कृती तीच, गरिबी तीच, फरक भाषेचा. दोन्ही भाषा राखलेली मुले भाषेविषयी विचार करण्याच्या आणि इतर बौद्धिक चाचण्यांत सरस ठरली. परदेशात द्विभाषिकतेच्या फायद्यांवर बराच वाद झाला. एलन बियालिस्टॉक यांनी मांडलेले लाभ सगळ्यांना आढळले नाहीत, आणि अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात हेही दाखवून देण्यात आले. तो वाद रास्त आहे. पण तिकडे दोन भाषांचा माणूस बऱ्याचदा स्थलांतरित असतो, त्यामुळे भाषेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. आपल्याकडे एकाच समाजात दोन्ही प्रकारचे लोक भेटतात, म्हणून आपला पुरावा जास्त बोलका आहे. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले, तेव्हा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही दिसला. म्हणजे तो शाळेचा गुण नव्हता.

इथे पालकांचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कोलामीने, गोंडीने, वऱ्हाडीने पोट भरत नाही; कापसाच्या भावाचा भरवसा नसलेल्या जिल्ह्यात इंग्रजी हीच नोकरीची वाट. या पालकांना दोष देणे अन्याय होईल. रोजगार, न्यायालय, औषधाची चिठ्ठी, बँकेचे कर्ज ही सगळी कामे आपण इंग्रजीकडे सोपवून ठेवली आणि मग आईबापांनी मराठी शाळेत घालावे असे म्हणायचे, हा त्यांच्यावरच बोजा टाकणे आहे. पण इंग्रजी चांगली यावी म्हणून घरची भाषा काढून टाकावी लागते, हे मात्र खरे नाही. पहिल्या भाषेत वाचन आणि तर्क पक्का झाला की तो दुसऱ्या भाषेत उतरतो. पहिली अर्धवट राहिली की मूल दोन्हीकडे अडखळते. ‘मले, तुले’ म्हणणाऱ्या मुलाला मास्तरांनी हसून दुरुस्त केले की ते मूल शुद्ध बोलायला लागत नाही, गप्प बसायला शिकते. आणि गप्प बसलेल्या मुलाचा विचार कोणत्याच भाषेत वाढत नाही.

वाटणी पुन्हा करू या

१६ एप्रिल २०२५ला महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला. तीव्र विरोध झाला, २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वादात मुख्यतः विचारले गेले ते असे: किती भाषा, आणि कोणत्या इयत्तेपासून? वर्ध्याचा अनुभव सांगतो की याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. प्रत्येक भाषेला आपण काम कोणते देणार? वर्धेकराला हिंदी कधी सक्तीने शिकवावी लागली नाही. बाजाराने, रेल्वेने, शेजाऱ्याने ती शिकवली, कारण तिला खरे काम होते. काम नसलेली भाषा दहा वर्षे शिकवली तरी गुणपत्रिकेतच राहते.

या युक्तिवादातून निघणारी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. पोडाजवळच्या अंगणवाडीत कोलामी बोलणारी सेविका असावी आणि पहिल्या दोन इयत्तांत मुलांच्या तोंडची भाषा वर्गाची भाषा म्हणून चालावी. गडचिरोलीच्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा सुरू केली. अशा धडपडीकडे अडचण म्हणून न पाहता शासनाने आधार द्यावा. रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी निदानाच्या वर रुग्णाचे स्वतःचे शब्द लिहिले जावेत, कारण पुढचा डॉक्टर त्यांतूनच आजाराचा माग काढणार आहे. कृषी विद्यापीठांचा बोंडअळीवरचा सल्ला ‘पऱ्हाटी’ म्हणणाऱ्याला वाचता येईल असा लिहिला जावा. हिंदी विश्वविद्यालय आणि मराठीचे अभ्यासक एकाच शहरात आहेत. दोन्ही भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या इथल्या बोलींचा अभ्यास दोघांनी मिळून केला तर त्याला देशभर तोड नसेल. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाचा अर्थ जुन्या ग्रंथांचा गौरव एवढाच घेतला तर मराठी देवघरात राहील आणि कारभार दुसरीकडे चालेल.

दोन भाषांचा माणूस दुभंगलेला नसतो आणि आपोआप शहाणाही होत नाही. त्याच्या भाषांना समाजाने काय वाढून ठेवले आहे त्यावर त्याच्या बुद्धीची मोकळीक ठरते. जी भाषा फक्त रडण्याला आणि शिव्यांना उरते तिच्यात फार तर व्यथा सांगता येते. जी फक्त परीक्षेला उरते तिच्यात उत्तर लिहिता येते, प्रश्न पडत नाही. विनोबांनी तत्त्वज्ञान आईच्या भाषेत आणले, नई तालीमने गणित आणि विज्ञान टकळी फिरवणाऱ्या हातांच्या भाषेत आणण्याचा प्रयत्न केला. कोलामी, गोंडी आणि वऱ्हाडी यांच्यापर्यंत ते काम अजून पोचलेले नाही. ते पोचवणे हे उपकाराचे काम नाही. या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांची बुद्धी आज आपण वापरातच आणत नाही, आणि ते नुकसान फक्त त्यांचे नाही, आपल्या सगळ्यांचे आहे.